रिफ्रेट करायचंय, फ्रेट वायर कुठली घालू? बारीक, उंच की जंबो?

कोमल_निषाद
नमस्कार मंडळी. इथे गिटारवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय. माझ्याकडे मेक्सिकोत बनलेली फेंडर क्लासिक सिरीज ५० ची स्ट्रॅट आहे, मेपल नेक, २१ फ्रेट (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), ७.२५ इंच रेडियस, म्हणजे बोर्डची गोलाई. सेकंडहँड घेतली तेव्हाच पहिले चार-पाच फ्रेट बऱ्यापैकी खाल्लेले होते, आता तर बी आणि जी स्ट्रिंगखाली खड्डे पडलेत, बोटाला कळतात. पुण्यात ज्यांच्याकडे दाखवली ते म्हणाले की आता लेव्हलिंग (फ्रेट घासून एका पातळीत आणणं) करण्यात अर्थ नाही, सरळ रिफ्रेट करू, म्हणजे जुने काढून नवे फ्रेट बसवू, वायर कुठली घालायची ते तू ठरव. आता इथे आमची गाडी अडली. त्यांनी तीन ऑप्शन दिलेत, सगळे डनलॉप कंपनीचे: ६२३० म्हणजे आत्ता आहे तसला विंटेज, ६१०५ म्हणजे बारीक पण उंच, आणि ६१०० जंबो.
वाजवतो काय तर निम्मं ब्लूज आणि निम्मं जुनी हिंदी-मराठी गाणी, गाण्यातल्या जागा, मींड वगैरे गिटारवर काढायचा नाद आहे. बाराव्या फ्रेटच्या वर पूर्ण एक स्वर बेंड केला, म्हणजे स्ट्रिंग आडवी ओढून सूर चढवला, की आवाज मरतो. स्ट्रिंग ०.०१० चा सेट.
नेटवर वाचून डोकं फिरलंय, प्रत्येक जण आपलाच फ्रेट भारी म्हणतो.

काडीबहाद्दर
सगळे फ्रेट उपटून टाका. फ्रेटलेस. खड्डे नाहीत, खर्च नाही, मींडच मींड.

तारसप्तक
आला हा. :) पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खर्जातला
कोमलराव, ६१०५. विषय संपला. मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो तेव्हा विंटेज फ्रेटवरच आयुष्य गेलं कारण दुसरं काही मिळतच नव्हतं, आता उंच फ्रेटची गिटार हातात आल्यापासून मागे वळून बघितलेलं नाही. बेंड करताना बोटाची पकड स्ट्रिंगवर बसते, खालच्या लाकडाला घासत नाही.

स्वरदा_मिरज
गिटार वाजवत नाही, पण घरात सतार आहे आणि मिरजेतच वाढल्यामुळे पडद्यांचं (तुमच्या फ्रेटचं) बोलणं लहानपणापासून कानावर आहे, म्हणून लिहिते. सतारीचे पडदे गोलाईचे आणि चांगले उंच असतात, दांडीला दोऱ्याने बांधलेले. वाजवताना बोट दांडीला टेकतच नाही, तार हवेतच असते म्हणा ना. म्हणून तर एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच सुरांची मींड घेता येते. तुम्हाला गाण्यातल्या जागा काढायच्या असतील तर उंचीच हवी, रुंदीचा काय उपयोग ते मला कळलं नाही.

तारसप्तक
ताई +१. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला ना? अवांतराबद्दल क्षमस्व.

स्वरदा_मिरज
हो, दोन्हींना मिळाला. आमच्याकडे पेढे वाटले होते लोकांनी. :)

टूलरूमवाला
धागा बघून राहवलं नाही. आमचा धंदा भोसरीत टूलरूमचा, गिटार हा फक्त छंद, त्यामुळे मी फ्रेटकडे व्हर्नियर घेऊनच बघतो.
एक गोष्ट आधी डोक्यातून काढा सगळ्यांनी, की जंबो म्हणजे उंच. वायरीला दोन मापं असतात, वरच्या डोक्याची रुंदी आणि लाकडाच्या वरची उंची. डनलॉप ६२३० हा ७८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रुंद आणि ४३ थाऊ उंच, म्हणजे साधारण २ मिमी बाय १.१. ६१०५ हा ९० बाय ५५, म्हणजे २.३ बाय १.४. ६१०० हा ११० बाय ५५, म्हणजे २.८ बाय १.४. आता गंमत बघा, ६१०५ आणि ६१०० ची उंची एकच आहे! फरक फक्त रुंदीत. आणि ६१३० म्हणून जी वायर येते, जिला मीडियम जंबो म्हणतात, ती १०६ रुंद पण उंची फक्त ३६ थाऊ, म्हणजे विंटेजपेक्षाही बुटकी. नुसतं 'मीडियम जंबो दे' म्हणून कोणी मागितली आणि बेंड सोपे होतील अशी आशा धरली तर काय हातात पडेल सांगता येत नाही. नाव विचारू नका, मापं विचारा.
तुमच्या विंटेजमधून ६१०५ ला गेलात तर फरक १२ थाऊचा, ०.३ मिमी. झेरॉक्सचे तीन कागद एकावर एक ठेवा, तेवढा. बोटाला मात्र हा फरक फार मोठा लागतो.

कोमल_निषाद
काका, दंडवत. हे इतकं सरळ कुठेच वाचलं नव्हतं. मग रुंदीचा फायदा काय? ६१०० का घेतात लोक?

जर्सीकर
रुंदी जास्त असली की मटेरियल जास्त, घासून जायला वेळ लागतो हा एक भाग. दुसरं म्हणजे स्लाइड करताना, एका फ्रेटवरून दुसऱ्यावर जाताना, रुंद फ्रेट बोटाला गुळगुळीत लागतो, बारीक-उंच फ्रेट टोचतो, अडथळ्याची शर्यत चालल्यासारखं वाटतं काहींना. मला स्वतःला ६१०५ वर लांब स्लाइड आवडत नाहीत. ब्लूजवाल्यांमध्ये जंबोचं वेड आहे त्याला ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉनही थोडा कारणीभूत, जाड स्ट्रिंग आणि मोठे फ्रेट असं त्याचं समीकरण होतं. पण त्याची बोटं त्याच्यापाशी.
मी म्हणेन स्टेनलेस स्टील घाला आणि आयुष्यभर विसरा. माझ्या गिटारवर आहेत, रोज वाजवतो, अजून खड्डा नाही. पार्कर फ्लाय ही गिटार १९९३ पासून स्टेनलेसवर होती, हे काही नवीन फॅड नाही.

खर्जातला
स्टेनलेसने टोन काचेसारखा होतो हो. स्ट्रॅटवर आधीच ट्रेबल कमी आहे का?

जर्सीकर
नाही होत. पिक अटॅकला किंचित जास्त टिकटिक येते, अँपवर ट्रेबलचं बटण आहे ते त्यासाठीच. डोळे बांधून ओळखून दाखवा.

खर्जातला
दाखवतो. या तुम्ही भारतात, चहा माझा.

टूलरूमवाला
दोघेही थांबा. टोन बाजूला ठेवा, कामाचा भाग बघा. नेहमीची फ्रेट वायर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, कानशीला छान लागते. स्टेनलेस त्याच्यापेक्षा बरंच कडक. साध्या कटरची धार जाते, क्राउनिंगची (फ्रेटचं डोकं गोल करायची) कानस लवकर बोथट होते, टोकं घासून गोल करायला दुप्पट घाम निघतो. त्यामुळे जो माणूस काम करणार आहे त्याने आधी स्टेनलेस केलंय का हे विचारा, नसेल तर तुमच्या गिटारवर त्याचा पहिला प्रयोग होऊ देऊ नका. मधला मार्ग म्हणजे जेस्कारची इव्हो गोल्ड, सोनेरी दिसते, निकेलपेक्षा कडक आणि स्टेनलेसपेक्षा मऊ. तिच्यात निकेल नसतं, त्यामुळे निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही चालते.

बार्देशकार
म्हापशाहून लिहितोय. आमच्याकडे समुद्राची हवा, नेहमीचे फ्रेट पावसाळ्यात काळे-हिरवे पडतात, वाजवायला घेतली की बेंड करताना खरखर. रोज पुसलं तर प्रश्न नाही, पण रोज पुसतो कोण. मी दुसऱ्या गिटारवर स्टेनलेस घातले ते टोनसाठी नाही, ह्या हवेसाठी. लग्नाच्या बँडमध्ये वाजवतो, रात्री दोनला घरी येऊन फ्रेट पॉलिश करायची हौस नाही मला.

नागपुरी_संत्रं
गोव्याला ओल, आमच्याकडे उलटं. मे महिन्यात लाकूड आटतं आणि फ्रेटची टोकं बोर्डच्या बाहेर येतात, हात वरून खाली नेला की करवत. ज्या खोलीत कूलर चालतो तिथली गिटार मस्त राहते, एसीच्या खोलीतली बोंबलते. रिफ्रेट कराल तर वर्षाच्या कुठल्या काळात करताय हेही बघा. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असताना टोकं अगदी काठाला लावून घासली की उन्हाळ्यात बाहेर येणारच.

जर्सीकर
अगदी. इकडे हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की हेच. गिटारच्या केसमध्ये ह्युमिडिफायर ठेवावा लागतो.

काडीबहाद्दर
म्हणजे नागपूरचा मे आणि जर्सीचा जानेवारी सारखाच. एनआरआय लोकांनी उगाच एवढं लांब जाऊन काय मिळवलं.

जर्सीकर
संत्री नाही मिळाली एवढं खरं.

शुद्धगांधार
सगळे बेंड आणि लीडवर बोलतायत, जरा कॉर्डवाल्यांचं पण ऐका. मी भावगीतांच्या कार्यक्रमात साथ करते, ऱ्हिदम. मला उंच फ्रेट अजिबात सोसत नाहीत. माझा डावा हात जड आहे, सी किंवा जी कॉर्ड धरली की स्ट्रिंग लाकडापर्यंत दाबली जाते, आणि फ्रेट जितका उंच तितकी ती जास्त ताणली जाते, स्वर चढतो. त्यातही सगळ्या स्ट्रिंग सारख्या दाबल्या जात नाहीत, म्हणून एका कॉर्डमधले दोन स्वर चढे आणि दोन बरोबर. ट्यूनर म्हणतो सूर जुळलाय, कान म्हणतो नाही. शेजारी हार्मोनियम असेल तर विचारूच नका. कोमल_निषाद, तुम्ही निम्मा वेळ कॉर्ड धरत असाल तर ६१०५ घ्यायच्या आधी उंच फ्रेटच्या कुणाच्या तरी गिटारवर तासभर बसा आणि ऐका.
जुन्या लोकांना हे कळत होतं. गिब्सनने १९५४ साली काळी लेस पॉल कस्टम काढली तिचे फ्रेट इतके बुटके आणि सपाट होते की तिला 'फ्रेटलेस वंडर' म्हणायचे. जॅझवाले, मोठमोठ्या कॉर्ड वाजवणारे, हात सरसर फिरायला हवा. बेंडचा प्रश्नच नव्हता.

खर्जातला
ताई मुद्दा बरोबर, पण उपाय हात हलका करण्यात आहे, फ्रेट बुटके करण्यात नाही. उंच फ्रेटवर एवढं दाबावंच लागत नाही.

शुद्धगांधार
वीस वर्षांचा हात आहे हो दादा, तो आता कार्यक्रमाच्या आधी तालमीत सुधारणार नाही. ज्याचा हात हलका त्याने उंच घ्यावेत की, माझी ना नाही. सगळ्यांना ६१०५ चं प्रिस्क्रिप्शन देऊ नका एवढंच.

तारसप्तक
याचंच टोक म्हणजे स्कॅलप्ड बोर्ड. दोन फ्रेटच्या मधलं लाकूड कोरून खड्डा करतात, बोटाला लाकूड लागतच नाही. रिची ब्लॅकमोर, मालमस्टीन हे रॉकवाले. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे जॉन मॅक्लॉफलिन, शक्ती या फ्यूजन बँडमध्ये वाजवायचा ती अकूस्टिक गिटार स्कॅलप केलेली होती, वर सतारीच्या तरफेसारख्या जादा तारा आडव्या लावलेल्या. शेजारी एल. शंकरचं व्हायोलिन, झाकीरभाईंचा तबला, तिथे मींड घेता आली नाही तर करणार काय. स्वरदाताई म्हणतात तो सतारीचा हिशोबच त्याने गिटारवर आणला.

काडीबहाद्दर
आमचा फ्रेटलेसचा प्रस्ताव अजून टेबलावर आहे. पं. ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, वरून स्लाइड फिरवला, फ्रेट असले काय नसले काय. विश्वमोहन भट्टांचंही तेच. त्यांना कधी विचारलंय का कुणी ६१०५ की ६१००?

स्वरदा_मिरज
हे मात्र खरं. :D

टूलरूमवाला
कोमल_निषाद, तुमचा मूळ प्रश्न ह्या गर्दीत हरवला म्हणून परत येतो. बाराव्याच्या वर बेंड केला की आवाज मरतो म्हणालात ना? ते फ्रेटच्या साइजमुळे नाही, ७.२५ इंच रेडियसमुळे आहे. तुमचा बोर्ड आडवा बघितला तर बऱ्यापैकी गोल आहे. कडेची स्ट्रिंग बेंड करून मधे आणली की ती चढावर येते, आणि पुढच्या फ्रेटच्या डोक्याला टेकते. अ‍ॅक्शन, म्हणजे स्ट्रिंगची फ्रेटपासूनची उंची, खाली असेल तर लगेच मरते. एक उपाय अ‍ॅक्शन वाढवणं, तो फुकट आहे, आधी तोच करून बघा. दुसरा, रिफ्रेट करतानाच वरच्या भागातले फ्रेट जरा सपाट लेव्हल करून घेणं, म्हणजे खाली ७.२५ आणि वर चढत चढत ९.५ च्या जवळ. लाकडाला हात लावायचा नाही, फक्त फ्रेटचं डोकं घासायचं.
इथे वायरीची उंची कामाला येते. मी कागदावर हिशोब केला, शेवटच्या फ्रेटला पूर्ण ९.५ पर्यंत नेलं तर मधून साधारण ०.४ मिमी जातो. ६१०५ ने सुरुवात केली तर मधे १ मिमी उरतो, म्हणजे तुमचा जुना विंटेज फ्रेट नवा होता जवळपास तेवढाच. ६२३० ने केली तर ०.७ उरतो, म्हणजे नवीन रिफ्रेट करून पहिल्याच दिवशी म्हातारा फ्रेट. तेव्हा बेंडचा आजार बरा करायचा असेल तर ५५ थाऊ उंचीच घ्यावी लागेल, मग ६१०५ घ्या नाहीतर ६१००, ते बोटांवर सोडा.

कोमल_निषाद
बाप रे. हे तर त्या दुकानात कुणी सांगितलंच नाही. अ‍ॅक्शन आज रात्रीच बघतो.

टूलरूमवाला
आणि एक राहिलं, नट, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाची स्ट्रिंगच्या खाचांची पट्टी. फ्रेट ०.३ मिमीने उंच झाले, पण नटच्या खाचा आहेत तिथेच. मोकळी स्ट्रिंग पहिल्या फ्रेटच्या वर साधारण अर्धा मिमी असते, त्यातले ०.३ गेले की मोकळ्या स्ट्रिंग पहिल्या फ्रेटवर झणझणणार. म्हणजे नवा नट कापावा लागणार, त्याचे पैसे आधीच विचारून ठेवा. रिफ्रेटच्या बिलात तो धरलाय की नाही यावर नंतर भांडणं होतात.

नागपुरी_संत्रं
वाचनखूण साठवली. हा एक प्रतिसाद छापून भिंतीवर लावतो.

बार्देशकार
मेपलचा बोर्ड आहे आणि त्यावर लॅकर आहे हे पण लक्षात घ्या. फ्रेट काढताना कडेचं लॅकर टवके उडून येतं. चांगला माणूस आधी ब्लेडने फ्रेटच्या कडेने लॅकर कापून घेतो, सोल्डरिंग आयर्नने फ्रेट तापवतो, मग हळू वर उचलतो. रोझवुडपेक्षा कटकट जास्त, म्हणून पैसेही जास्त मागतात, ते लुबाडत नाहीयेत.

अनाहत७८
मी उशिरा आलोय, सगळं वाचलं नाही. पण माझ्या गिटारवर एका ओळखीच्या माणसाने लेव्हलिंग केलं आणि त्यानंतर स्ट्रिंगमधून सतारीसारखी झिणझिण येते. चांगली वाटते तशी, पण ती हवी म्हणून मागितली नव्हती.

स्वरदा_मिरज
हाहा, फुकटात जवारी काढून दिली त्याने! सतारीच्या घोडीचा माथा मुद्दाम किंचित सपाट ठेवतात, तार त्याच्यावर अंग टाकून कंप पावते म्हणून तो आवाज. मिरजेत जवारी काढायला चांगला कारागीर वेळ घेतो.

टूलरूमवाला
ताईंनी निदान केलंच. लेव्हलिंग केलं पण क्राउनिंग नाही केलं. पट्टीने घासल्यावर फ्रेटचं डोकं सपाट होतं, ते परत गोल करावं लागतं, तर स्ट्रिंग नेमक्या मधल्या रेषेवर टेकते. नाहीतर ती फ्रेटच्या पुढच्या कडेला टेकते, आवाज झिणझिणतो आणि वर सूरही थोडा चढतो. जेवढा फ्रेट रुंद तेवढा हा त्रास जास्त, जंबोवाल्यांनी नोंद घ्यावी. परत त्याच माणसाकडे न्या आणि क्राउनिंगची कानस आहे का विचारा. नसेल तर चहा पिऊन परत या.

कोमल_निषाद
अपडेट. अ‍ॅक्शन जरा वाढवली, पंधराव्यापर्यंत बेंड निघतोय, त्याच्या वर अजून मरतो. आणि शुद्धगांधार ताईंच्या सल्ल्याप्रमाणे मित्राच्या गिटारवर बसलो, ६१०५ वाली. लीडला सुख आहे. कॉर्डमध्ये जी चा बास स्वर पहिल्यांदा चढा आला, मग हात सैल सोडल्यावर बरा झाला, माझा हात बहुतेक त्यांच्याइतका जड नाही. जंबो वाजवायला मिळाली नाही.
म्हणून ६१०५, नेहमीचं निकेल, वर जरा सपाट लेव्हलिंग, आणि नवा नट. स्टेनलेस नाही, कारण करणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले 'करून बघू'. टूलरूमवाले काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

जर्सीकर
'करून बघू' ऐकल्यावर पळालात ते बरं केलंत. पुढच्या वेळी स्टेनलेस.

खर्जातला
पुढची वेळ येऊ दे आधी. अभिनंदन, क्लिप टाका.

शुद्धगांधार
छान. फक्त पहिले दोन-तीन आठवडे ट्यूनरवर विश्वास ठेवू नका, कॉर्ड धरून कानाने तपासा.

षड्ज_नवा
सगळ्यांना नमस्कार, पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आहे, मुंबईत धोबी तलावला जाऊन बघणार आहे. फ्रेट साइज काय बघू? हे सगळं वाचून घाबरलो.

टूलरूमवाला
अरे, काही घाबरू नकोस. दुकानात हात वरून खालपर्यंत फिरव, टोकं टोचतात का बघ. प्रत्येक स्ट्रिंग प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजव, कुठे झणझण किंवा मेलेला स्वर आहे का ऐक. बाराव्याच्या वर एक बेंड कर. एवढं पास झालं तर फ्रेटचा नंबर विचारूही नकोस, घे आणि वाजव. नंबर तुला पहिले फ्रेट झिजतील तेव्हा लागेल.

काडीबहाद्दर
किंवा फ्रेटलेस घे.